रेडिओला विचारलेला प्रश्न

ब्लॉक ऑफिसात फायलींसारखे किस्सेही साचतात. फायली निदान वर तरी जातात. किस्से ज्याचे त्याच्या डोक्यावरच राहतात! माझे बहुतेक माझ्याच शहाणपणाचे.

मी कोकणातला, नवा ग्रामसेवक. होळीनंतर रुजू झालो. बोरी अरब गावाजवळच्या बंजारा तांड्यात सरकारी रेडिओ चालवून दाखवायचा, त्यावर माझं नोकरीत कायम होणं ठरणार होतं.

*

पहिल्या दिवशी शेतीचा कार्यक्रम संपला. मी रेडिओ बंद करायला गेलो, तर तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, म्हणाले, "पाहुणा बोलून राह्यला अन् तुम्ही त्याचं तोंड दाबता?"

मग सगळ्यांनी गाणी ऐकली, बाजारभाव ऐकले, इंग्रजी बातम्यासुद्धा ऐकल्या! आठवड्यात बॅटरी संपली. नवी मागवताना मी अहवालात लिहिलं, "प्रतिसाद उत्तम."

*

एकदा नाईकांच्या बायकोनं रेडिओसमोर चहा ठेवला. मी यंत्रयुगावर भाषणच ठोकलं. यंत्राला तहान लागत नाही, वगैरे.

बाई म्हणाल्या, "थो तुमच्यासाठी हाय, भाऊ. तुम्ही डब्याच्या मागं लपून बसता, मंग कुठं ठेवू?"

चहा गार झाला होता. मुकाट्यानं प्यालो.

*

नागपूरहून साहेब तपासणीला आले. "रेडिओ आवडतो का?"

नाईक म्हणाले, "बोलते चांगला. पण आमच्यात घरी आलेला मानूस आधी खुशाली इचारते. हा तीन महिने बोलून राह्यला, एक डाव काही इचारलं नाही!"

मी सारवासारव करायला पुढे झालो. साहेबांनी मात्र ते वहीत उतरवून घेतलं. इतर गावांनीही असंच सुनावलं असावं, कारण पावसाळ्यात परिपत्रक आलं: गावकऱ्यांचे प्रश्न पाठवा, रेडिओ उत्तर देईल. यंत्र दिल्लीनं पाठवलं, विचारपूस करायची रीत त्याला गावांनी लावली!

*

पण चिखलातून तांड्यावर जाणार कोण? दहा प्रश्न मी टेबलावरच रचले आणि खाली नाव टाकलं नाईकांचं.

*

उत्तरं ऐकायला साहेब मुद्दाम तांड्यावर आले. सगळा तांडा जमला. रेडिओवाल्यांनी नेमका माझा लाडका प्रश्न निवडला. "नाईक विचारतात, कापूस कापायला विळा कोणता वापरावा?"

हशाच हशा! कापूस हातानं वेचतात, हे मला तेव्हा कळलं. आणि नाव कुणाचं, तर जन्मभर कापूस वेचलेल्या माणसाचं! नोकरी गेली असं वाटलंच, पण नाईकांकडे बघवेना.

साहेब कडाडले, "हा प्रश्न कोणी विचारला?"

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं. मग उभे राहिले.

"म्याच इचारला, साहेब. आमच्यातल्या एकाले मालूम नव्हतं."