राणीचं दूध आणि आमच्या बाई

बाईंनी खर्रा सोडला तो मधमाश्यांसाठी. आमच्या चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यात खर्रा सोडणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचं आणि सकाळी एकदा गालात धरलं की जेवणापुरतंच बाहेर काढायचं. बाई लग्नाच्या आधीपासून खात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, मुलानं सांगितलं, शाळेतल्या पोरांनी फेरी काढून दारासमोर घोषणा दिल्या. बाई दारात उभ्या राहून खर्रा चघळत ती फेरी बघत होत्या म्हणे. मग घरी मधमाश्यांच्या पेट्या आल्या. तंबाखूचा वास आला की माशा अंगावर धावून येत. दोन-तीनदा ओठ सुजल्यावर बाईंनी पन्नी चुलीत टाकली ती कायमची. कुणी विचारलं, एवढे दिवस डॉक्टरांचं का ऐकलं नाही, तर म्हणायच्या, "डाक्टर काई चावत नव्हता."

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, त्यांचा मुलगाही बाईच म्हणे, म्हणून ब्रह्मपुरीहून लग्न होऊन आल्यावर मीही तेच म्हणायला लागले. सासरे आधीच गेले होते. एकुलता एक मुलगा सुधाकर, माझा नवरा. त्याचा छोटा टेम्पो होता आणि त्यात इतर कुणाचा माल असो नसो, बाईंच्या पेट्या मात्र असायच्याच. धान कापून झालं की जवस आणि लाखोळीच्या शेतांकडे, उन्हाळ्यात करंज फुलला की जंगलाच्या कडेला. तिथून ऊन उतरायच्या आत परत फिरायचं, हा बाईंचा कायदा. मी नवी असताना वाघाला घाबरले, तेव्हा त्यांनी मला समजावलं होतं की वाघ आपल्या रस्त्यानं जातो, अस्वल मात्र आपलंच गिऱ्हाईक आहे, त्याला भ्यायचं.

मध काय, गंज, म्हणजे पुष्कळ लोक काढतात. बाई रॉयल जेली काढायच्या. गावात तिला राणीचं दूध म्हणत. कामकरी माशी आणि राणी, दोघी एकाच जातीच्या अंड्यातून येतात. एकीला हे दूध थोडेच दिवस मिळतं, दुसरीला जन्मभर हेच मिळतं आणि ती राणी होते. बाई छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उजेडाकडे तोंड करून बसत. लाकडी पट्टीला मेणाच्या इवल्या वाट्या चिकटवलेल्या. बारीक सुईनं एकेक अळी उचलून एकेका वाटीत ठेवायची आणि पट्टी राणी नसलेल्या पेटीत सोडायची. माशांना वाटतं, आपल्याला नवी राणी घडवायची आहे. त्या बिचाऱ्या वाट्या दुधानं भरून टाकतात. तिसऱ्या दिवशी पट्टी बाहेर काढायची, अळ्या वेचून टाकायच्या आणि दूध खरवडून घ्यायचं. अळ्या वेचताना बाई कुणाशी बोलत नसत. मी एकदा मध्येच भाजी कसली करू म्हणून विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी त्या दिवशी न विचारताच वांगी केली.

आमच्या घरात फ्रिज आला तोसुद्धा जेलीसाठी. काळ्या काचेच्या लहान बाटल्या वरच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला कुणी हात लावायचा नाही. खाली पाणी ठेवायची परवानगी होती, दुधाची होती, पण झिंगे ठेवायची नाही. वास लागतो. वीज गेली की बाई फ्रिजसमोर पाट मांडून बसत, कुणी दार उघडू नये म्हणून. सुधाकर त्यांना म्हणायचा की बाई, तू स्वतःच्या सुनेवरसुद्धा एवढा पहारा ठेवत नाहीस. त्या म्हणायच्या, सून नासत नाही.

आणि एवढं सगळं करून विकायची वेळ आली की बाई गिऱ्हाईक घालवत. नागपूरहून, चंद्रपूरहून गाड्या येत. म्हाताऱ्यांना ताकद पाहिजे, बायकांना चेहऱ्यावर तेज पाहिजे. बाई बाटली पुढे ठेवून स्वच्छ सांगत, "ताकद येते म्हणतात लोक. मी काई पाह्यली नाई. राणीले येते एवढं मले मालूम हाये." दम्याच्या माणसाला तर त्या देतच नसत, कारण एकदा एका गिऱ्हाइकाचा घसा सुजून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. नागपूरचा एक दुकानदार नेमानं माल उचलायचा. तो कपाळावर हात मारून म्हणायचा की बाई, तुम्ही बोलू नका, फक्त बाटल्या द्या. बाईंनी स्वतः ती जेली कधी जिभेला लावली नव्हती. जे विकायचं ते चाखत बसलं तर सवय लागते, आणि एक सवय मोठ्या मुश्किलीनं सुटली आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता मूळ गोष्टीवर येते. मला मूल होत नव्हतं. पहिली काही वर्षं कुणी बोललं नाही, मग हळूहळू सगळे बोलायला लागले. राणीचं दूध घेतल्यानं कूस उजवते असं लोक मानतात, नागपूरच्या गाड्यांतली निम्मी माणसं त्यासाठीच यायची. आणि ज्या घरात ते दूध फ्रिजभर, त्या घरच्या सुनेची कूस मोकळी. गावातल्या बायका मला विहिरीवर विचारायच्या, "काऊन वं, तुही सासू तुले देत नाई काय?" नव्हत्या देत. एक थेंब दिला नाही कधी. मला त्याचा फार राग यायचा. रात्रंदिवस त्या बाटल्या समोर, आणि मागायची लाज. वाटायचं, मी परक्याची, म्हणून माझ्यावर खर्चायचं जिवावर येत असेल.

एकदा माझी आई ब्रह्मपुरीहून आली. तिनं पदराआडून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. नागपूरला मामाकडून मागवली होती, भारी किमतीची, सोनेरी झाकणाची. नेमक्या त्याच वेळी बाई आत आल्या. त्यांनी बाटली मागून घेतली, झाकण उघडून हुंगली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे तं माह्यंच दिसते. पण गंज जुनं हाये." माझी आई आधी ओशाळली आणि मग भडकली. जगाला वाटता आणि माझ्या पोरीला देत नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं. बाई शांतपणे पाटावर बसल्या. "यानं लेकरू होते असं मी कोणालेच सांगत नाई," त्या म्हणाल्या. "तं हिले काऊन सांगू? दर महिन्याले आस लावून बसन आणि दर महिन्याले रडन. ते मले पाहावणार नाई." आईनं झाकण लावलं. बाटली परत घेऊन गेली. मी मात्र त्या दिवशी चहा ओतता ओतता रडले, कारण मला वाटलं होतं ते सगळं खोटं निघालं होतं.

पण खरी गोष्ट घडली ती तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार येतात आणि आपण त्यांना खाऊ द्यायचा. बाई प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर मध घालत. त्या वर्षी मूल गावच्या आत्या, म्हणजे सुधाकरची आत्या, आमच्याकडे मुक्कामाला होत्या. अंगणात पोरांची ही गर्दी, बैलांच्या चाकांचा खडखडाट. आत्या ओट्यावर बसून बघत होत्या. चार बायका बसलेल्या असतानाच त्या म्हणाल्या, "वहिनी, तूच सांगतेस ना वो, राणी अंडे देत नसली तं माशा दुसरी राणी करतात? मंग माणसानं कायले वाट पाहाची?" त्यांच्या दिराची मुलगी लग्नाची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मधाची वाटी धरून उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माशांची गोष्ट बाईंनीच गावाला शिकवलेली, पेट्या पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती सांगायच्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुढच्या पोराच्या हातावर मध घालत होत्या. चमचा मात्र थांबला होता आणि मध खाली जमिनीवर सांडत होता. मग त्यांनी चमचा पुसला आणि दुसऱ्या पोराला पुढे बोलावलं. मला वाटलं, संपलं. आता मला माहेरी धाडणार.

दुसऱ्या दिवशी आत्या गेल्या आणि बाईंनी सुधाकरला टेम्पो काढायला सांगितला. पेट्या कुठे न्यायच्या म्हणून त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, पेट्या नाहीत, तुम्ही दोघं आणि मी, चंद्रपूरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं, तर बाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि मुलाला पुढे केलं. "पयले याले पाहा." डॉक्टरीणबाई हसल्या, पण सुधाकरचा चेहरा उतरला. दोघांच्याही तपासण्या झाल्या. माझ्यात काही नव्हतं. अडचण त्याच्या बाजूनं होती.

घरी आल्यावर सुधाकर छपरीत डोकं धरून बसला. माझा नवरा चांगला माणूस आहे, मारणारा-ओरडणारा नाही. त्यानं आईचे पाय धरले आणि म्हणाला की बाई, ही गोष्ट घराबाहेर जाऊ देऊ नको, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाई त्याच्या शेजारी बसल्या. त्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला. एकुलता एक पोरगा, त्याच्यासाठी त्यांनी एकटीनं काय काय केलं ते गावाला माहीत आहे. मी दाराआडून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता आई मुलाकडेच झुकणार, झुकायलाच पाहिजे. मग बाई म्हणाल्या, "इतके दिवस इनं ऐकून घेतलं. आता थोडं तू ऐक."

आणि त्या मला घेऊन एसटीनं मूल गावाला गेल्या. आत्यांनी चहा ठेवला. बाईंनी घेतला नाही, नुसतं पाणी घेतलं. आत्यांची जाऊ, मुली, सगळ्या बसलेल्या. "माशा राणी बदलतात ते खरं हाये, मीच सांगतलं," बाई म्हणाल्या. "पण नरात खोट हाये का, ते पाहाले त्याईच्यापाशी डाक्टर नाई. आपल्यापाशी हाये. आम्ही पाहून आलो. खोट माह्या पोट्ट्यात हाये. आता कोणाची पोरगी द्याची असन त्याले, तं तिच्या मायबापाले हे सांगून देजो." बोलताना त्यांचा आवाज एकदाच हलला, 'माह्या पोट्ट्यात' म्हणताना. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी धरू दिला.

सुधाकर बरेच दिवस आईशी बोलला नाही. टेम्पो घेऊन पार आलापल्लीकडे भाड्यानं जायचा, चार-चार दिवस यायचा नाही. मग एकदा पेट्या हलवायच्या होत्या, तेव्हा आपणहून आला, उचलून टेम्पोत चढवल्या, आणि बाईंनी त्याच्यासाठी झिंगे केले. एवढ्यावर त्यांचं मिटलं. औषधं झाली, पण मूल झालं नाही. गावात मला मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही. आणि बाईंनी आणखी एक गिऱ्हाईक घालवायची रीत काढली. सुनेसाठी जेली मागायला कुणी सासू आली की विचारायच्या, "पोट्टा कुठी हाये?" पोट्ट्याची तपासणी झाल्याशिवाय बाटली मिळायची नाही. नागपूरच्या दुकानदारानं या वेळी दोन्ही हात कपाळावर मारले. आज पेट्या मी बघते आणि हाच प्रश्न मीही विचारते. पुष्कळ जणी रागावून निघून जातात.

मागच्या वर्षी बाईंना पोटाचं दुखणं झालं. डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच आम्ही समजलो. त्यांची खाट छपरीत टाकली, पेट्या दिसतील अशी. अन्न जात नव्हतं. जो येईल तो सांगायचा, घरात राणीचं दूध असून म्हातारीला का देत नाही? मूलच्या आत्यांचाही फोन आला, रडत रडत त्यांनी हेच सांगितलं. मी बाईंच्या कानावर घालायची आणि त्या नुसता हात हलवून नको म्हणायच्या.

जवस फुलली होती, पेट्या घुमत होत्या. दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते. एकाएकी त्या म्हणाल्या, "आण बरं ते. पाहू तं दे कसं लागते." मी वरच्या कप्प्यातली ताजी बाटली काढली. चमच्याच्या टोकावर एवढंसं घेऊन त्यांच्या जिभेवर ठेवलं. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी दुसऱ्यांसाठी खरवडली, ती पहिल्यांदा त्यांच्या तोंडात गेली. एक डोळा बारीक झाला, नाक मुरडलं, सगळा चेहरा गोळा झाला. राणीचं दूध आंबट असतं, घशाला चरचरतं. मी घाईनं पाणी पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय वं माय," त्या म्हणाल्या. "याच्यापायी तुले एवढं ऐकून घ्या लागलं?"

मला हसू फुटलं. हसता हसता मी त्यांच्या पायांवर डोकं टेकून ढसाढसा रडले, आणि त्या माझ्या केसांवरून हात फिरवत, तोंड वाकडं करत, अजून ती चव गिळत होत्या.