रिपोर्ट नॉर्मल आला

माझ्या रक्तात दोष निघाला तेव्हा मी मनातल्या मनात फुगडी घातली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, विषय जेनेटिक्स. कॉलेजात थॅलेसेमियाची तपासणी ठेवली होती, वर्गातल्या सगळ्यांनी रक्त दिलं. रिपोर्ट आले तसं मॅडमनी मला बाजूला घेतलं. "घाबरू नकोस हं. तू वाहक आहेस, तुला स्वतःला काही होणार नाही. फक्त लग्नाआधी मुलाचं रक्त तपासून घ्यायचं. तोही वाहक निघाला तर होणाऱ्या बाळाला आजार होऊ शकतो." बिचाऱ्या माझा हात धरून उभ्या होत्या. आणि मी विचार करत होते, सुटले बाई एकदाची!

कशातून सुटले, ते सांगते. आमचं गाव बेडशाच्या बाजूला. तिथे सायन्स कुठलं आलंय? म्हणून दहावीनंतर वडिलांनी मला तुंगार्लीत त्यांच्या बहिणीकडे आणून ठेवलं. आणि आमच्यात भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क. आत्याचा मुलगा तेव्हा नुकताच कामाला लागलेला, सुट्टीला येणाऱ्या लोकांना बंगले भाड्याने द्यायचं काम. लग्न ठरलंय असं मला कुणी कधी सांगितलं नाही. मग विचारायचं तर लांबच. आत्या आपली शेजारणींना सांगायची, "माजी सून कालेजात जाती." शेजारणी हसायच्या, मी वह्या छातीशी धरून गल्लीतून पळायचे.

मुलगा वाईट असता तर किती बरं झालं असतं! पण नाही. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. मला सायकल शिकवताना माझ्यामागे धावून धावून त्यानेच गुडघे फोडून घेतले होते. त्याच्याकडे नवरा म्हणून बघायला गेलं की हसूच यायचं. मला तो नको होता. मला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. एवढी दोन वाक्यं. पण ज्या बाईने इतकी वर्षं सकाळी माझ्याआधी उठून माझा डबा भरला, तिच्या तोंडावर ती कशी टाकायची? शनिवार-रविवारी आमच्या गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या अशा अडकायच्या की घराचं फाटकसुद्धा उघडता यायचं नाही. मी खिडकीतून बघत बसायचे आणि उगाच त्या गाड्यांवर चिडायचे.

म्हणून त्या रिपोर्टवर मी झडप घातली. आपण नको म्हणायचंच नाही, विज्ञान म्हणेल. आहे की नाही हुशारी!

त्याच संध्याकाळी आत्या कडधान्य निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फतकल मारली आणि ताटात पांढरे पावटे नि काळा घेवडा मांडला. "हे बघ आत्या, प्रत्येक माणसाकडे दोन दाणे असतात. माझा एक पांढरा, एक काळा. बाळाला आईकडून एक दाणा येतो, बापाकडून एक. दोन्ही काळे आले तर बाळाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं." मग मुद्द्यावर आले. "माझा काळा दाणा आजोबांकडून आला असेल तर तो तुझ्याकडेही आलेला असू शकतो. आणि तुझ्याकडून ह्याच्याकडे." आईकडून आला असेल, हेही तितकंच खरं होतं. ते मी गिळलं.

आत्याचा चेहरा उतरला. "आगं बया," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याखाली आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मंग त्याचं बी रगत तपासू की."

हा विचार मी केलाच नव्हता, असं कसं म्हणू? मॅडमनीच सांगितलं होतं. पण मला वाटलं होतं, आत्या घाबरेल आणि तिथेच सगळं संपेल.

तो दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये गेला. कोपरात कापूस दाबून घरी आला आणि मला म्हणाला, "काय मास्तरीणबाई, मी पास का नापास?" मी हसले. पुढचे दिवस मी देवापुढे हात जोडून काय मागत होते, सांगायलाही लाज वाटते. धडधाकट पोराच्या रक्तात खोट निघू दे म्हणून मी नवस बोलले.

रिपोर्ट नॉर्मल आला.

आत्या नाक्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आली. मी चाचरत म्हणाले, "तरी पण आत्या, नात्यातलं लग्न म्हणजे..." तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. डब्यातून मूठभर पावटे काढले, ताटात ठेवले. "ह्याचं दोनी पांढरं. मंग काळ्या-काळ्याची जोडी लागंलच कशी? तूच शिकवलंस न्हवं?" बरोबर होतं. परीक्षेत मीही हेच लिहिलं असतं. गावाहून वडिलांचा फोन आला, "लय ब्येस झालं पोरी, मनात किंतु नको ऱ्हायला." सगळ्यांच्या मनातला किंतु मी स्वतःच्या हाताने काढून दिला होता. वर सगळ्यांनी शिकलेल्या पोरीचं कौतुक केलं.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते. आत्या येऊन शेजारी बसली. मुलगा दारात उभा होता, मोबाईलकडे बघत, पण बोट हलत नव्हतं. आत्याने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"रगताचं झालं," ती म्हणाली. "आता तुजं सांग. तुला ह्यो पायजेल का न्हाई? न्हाई म्हणलीस तर मी काय बी बोलनार न्हाई. तुज्या बापाला बी मीच सांगंन."

ह्या घरात आल्यापासून मला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती खरंच थांबली होती. घाई नव्हती, राग नव्हता. एक शब्द पुरे होता, आणि तो ऐकून घ्यायची तिची तयारी होती. मी तोंड उघडलं. दारातल्या त्याने मान वर केली.

"तू म्हणशील तसं, आत्या," मी म्हणाले.