बायची कसोटी

गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीसमोर म्हापशाची बस थांबली तेव्हा बाय कामाच्या निळ्या कोटात उभी होती. कामाची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. तिथल्या एका कारखान्यात खोके भरायच्या कामावर. तिनं एक वही माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "थंय थंडी खूप. कान झाक." एवढंच. मी जर्मनीला भाषाशास्त्र शिकायला निघालो होतो, आणि वही तिची होती.

गावातल्या आणि माझ्यासारख्या गावाबाहेर पडलेल्या तुम्हां सगळ्यांना त्या वहीबद्दल सांगायला हवं. फार वर्षं गप्प राहिलो.

आमचे बाबा पोर्तुगीज शाळेत चार इयत्ता शिकलेले. गोवामुक्तीनंतर त्या भाषेचा काही उपयोग उरला नाही, तेव्हा संध्याकाळी सोप्यावर बसून ते ती आम्हाला वाटायचे. "शब्दाच्या आदी कोण बसलाहा तां बघ, मगे शब्दाक हात लाव," म्हणायचे. मी ऐकून विसरायचो. बाय लिहून ठेवायची. एका रकान्यात आपले उपसर्ग आ, वि, प्र. दुसऱ्यात फारसीतून आलेले बे, गैर. तिसऱ्यात पोर्तुगीज देस, रे. आणि प्रत्येकाला एकच कसोटी: उपसर्ग काढून बघायचा, उरलेला शब्द आपल्या पायावर उभा राहतो का. 'बेकायदा'तला 'बे' काढला तर कायदा उभा राहतो. आहार, विहार, प्रहार यांतून मात्र उरतो तो गळ्यात घालायचा हार. त्याचा या तिघांशी काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये 'देसफाझेर' म्हणजे केलेलं मोडणं. त्यातला 'फाझेर', करणं, एकटा चालतो. 'रेसेबेर' म्हणजे मिळणं, पण नुसतं 'सेबेर' कुणी म्हणत नाही. हे तिनं मॅट्रिकच्या वयात जुळवलं होतं. मग बाबांना आम्हां दोघांनाही शिकवणं जमेना, आणि ती कामाला गेली. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

जर्मनीहून मी तिला लिहायचो. इथे काही क्रियापदांचा उपसर्ग सुटून वाक्याच्या शेवटी जातो, असं कळवलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे पयल्या पानावरचो पावणो उठून पंगतीच्या शेवटाक जावन बसता म्हण." स्वाहिलीत 'म्तू' म्हणजे एक माणूस आणि 'वातू' म्हणजे अनेक, हे लिहिल्यावर तिनं लिहिलं, "आमचे शब्द शेपटेकडसून वाडतत, तेंचे डोक्याकडसून." ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत करून मी परिषदेत वाचली. लोक हसले, टाळ्याही पडल्या. मी मान लववली.

प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे तिची कसोटी, जर्मनपर्यंत ताणलेली. त्याचंच पुढे नाव झालं. पुस्तक छापताना ऋणनिर्देशात मी प्राध्यापकांचे, ग्रंथालयाचे, हीटर उसना देणाऱ्या घरमालकिणीचेसुद्धा आभार मानले. बायचं नाव लिहिलं होतं, ते खोडलं. कारखान्यातल्या बाईचं नाव बघून लोक हसतील, असं स्वतःला सांगितलं. खरं असं की तिचं नाव घातलं असतं तर त्या प्रकरणात माझं म्हणावं असं फार थोडं राहिलं असतं.

एक प्रत घरी पाठवली. फोनवर ती म्हणाली, "पुस्तक पावला. कागद बरो आसा." त्यानंतर मी गावी जायचं टाळत गेलो. बाबा गेले तेव्हाही दहा दिवस माणसांच्या गर्दीत राहिलो, तिच्याबरोबर एकटा बसलो नाही.

गेल्या वर्षी गेलो. ती आता निवृत्त. टेबलावर माझं पुस्तक आणि इंग्रजी शब्दकोश. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा. तिनं चौथं प्रकरण उघडून, उपसर्ग काढल्यावरही उभ्या राहणाऱ्या शब्दांच्या यादीवर बोट ठेवलं.

"बाबू, बेजार हांगा कित्याक घातलंस? 'बे' काढून जार उरता. जार म्हणजे काय तां सांग बघूया."

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "बाय, हे प्रकरण तुझं आहे. मी चोरलं."

तिनं चष्मा काढला. "माका ठावक आसा. तुका ठावक आसा काय नाय, तेवढाच बघूचा होता." मग काचा पुसता पुसता, "नाव असता तर तां पुस्तक घेवन मी शिकाक कॉलेजीच्या दारार उभी रवली असतंय. तेवा वय होता."

तिनं जेवायला वाढलं. मी जेवलो. माझे प्राध्यापक वारले, पुस्तक आता कुठे मिळत नाही. दुरुस्ती छापून वाचणार कोण? म्हणून हे तुम्हाला लिहिलं.

जर्मनीत घर आहे, बायकोमुलं आहेत, दारावर नावाआधी डॉक्टर असं लिहिलेलं आहे. गावी गेलो की बाय सोडून सगळे मला त्याच नावानं हाक मारतात. ती मारत नाही. ती असते तेवढीच जागा आता माझं घर, आणि तिथे मी पाहुण्यासारखा, खुर्चीच्या कडेवर बसतो.