दाट विणीचा पडदा

माझ्या बायकोच्या मामांना बरोबर घेऊन कुणी बाजारात जाऊ नये, आणि त्यांना न दाखवता आणलेली वस्तू तर घरात मुळीच ठेवू नये. या दोन्ही गोष्टी मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकलो. बेळगावच्या वडगावात मामांचे दोन यंत्रमाग, साड्या विणण्यात सगळा जन्म गेलेला. मागावर हजारो धागे ताणलेले असताना त्यातला एक तुटला, तर मामांना पाठमोरे असतानाही कळतं, अशी त्यांची गल्लीत ख्याती होती. एवढी तयार नजर फक्त साड्यांवर खर्च करणं त्यांना परवडत नसावं. आमच्या घरातल्या फरशा त्यांनी जमिनीला गाल टेकवून पारखल्या. शेजाऱ्यांच्या नव्या कपाटाचं दार अर्ध्या सुताने कलतंय, हे त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीत, हातात जिलबी असताना सांगितलं. मला बघायला आले तेव्हा तर त्यांनी मला उजेडात उभं केलं आणि चहा यायच्या आत एक चक्कर मारून मागून बघून घेतलं. "वस्तूची पाठ बघावी, जावईबापू," असं त्यांनी पुढे कधीतरी मला समजावलं. "पुढनं समदंच ग्वाड दिसतंय." साडीची उलटी बाजू बघून सुलटीची किंमत करणाऱ्या माणसाशी मी काय वाद घालणार?

तेच मामा गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पार खचले. डोळ्यावरची पट्टी निघून आठवडा झाला नव्हता, तोच कुणाचं न ऐकता ते मागावर जाऊन उभे राहिले, आणि एक साडी तुटलेल्या धाग्याची रेघ घेऊन पदरापासून टोकापर्यंत विणली गेली. मामांना ती रेघ दिसलीच नाही. नंतर महिन्याने डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं, पण मामांना ते पटेना. "गेलतो की डाक्टरकडं. तो भिंतीवरची अक्षरं दावतोय. धागा कुठं दावतोय?" त्यांनी दोन्ही माग बंद केले, वर चादरी टाकल्या आणि सदलग्याच्या एका माणसाला गुरुवारी माग बघायला बोलावून ठेवलं. विकून मोकळं व्हायचं म्हणाले. त्या घरातली खडखड थांबल्यावर सगळेच हळू आवाजात बोलू लागले होते. मला ते सहन होईना.

त्याच आठवड्यात मामांच्या मुलीला, अमृताला, कॉम्प्युटरसाठी नवा मॉनिटर हवा होता. ती इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये खेळते. "आप्पा, आपला पडदा लई हळू हाय. शत्रू दिसंपर्यंत मी मेलेली असते," अशी तिची तक्रार होती. मामा "माझ्या नजरेचं आता काय खरं न्हाय" म्हणत होते, पण मन रमेल म्हणून रविवारी आम्ही त्यांना ओढतच दुकानात नेलं. दुकानदार उत्साही होता. "नोडरी मामा, बघा," तो म्हणाला, "हा साठ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणार. हा एकशेचव्वेचाळीस. आणि हा दोनशेचाळीस!" मामांनी आधी तिन्ही मॉनिटरच्या पाठी बघितल्या. मग माऊस धरला आणि बाण पडद्यावर गरागरा गोल फिरवत बसले. साठवाल्यावर बाणाचे ठसे लांब लांब पडत होते, दुसऱ्यावर जवळ जवळ. "हिथं वीण इरळ हाय," मामा पुटपुटले, "आनि हिथं दाट." मला दोन्हीकडे बाणच दिसत होता. दुकानदार दोनशेचाळीसवर अडून बसला, तेव्हा मामांनी अमृताला विचारलं, "तुजा कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतोय गं?" ती म्हणाली, साधारण दीडशे. "मग दोनशेचाळीस घिऊन काय करू? कांड्या भरणारी बाई एक, आनि माग चार! सूत पुरंल व्हय?" दुकानदार एकशेचव्वेचाळीसचा बॉक्स काढायला आत गेला. कितीतरी दिवसांनी मामांच्या चेहऱ्यावर जरा तेज दिसलं.

घरी येऊन मॉनिटर जोडला. मामांनी बाण फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्यो त्यो न्हवं. वीण इरळ हाय." अमृताने बॉक्सवरचा आकडा दाखवला. मग स्वतः खेळून बघितलं, म्हणाली, "आप्पा, लई स्मूथ हाय! किती फरक पडलाय!" मीही माऊस हलवून मान डोलावली. मामांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. "मग माझाच डोळा गेला म्हणायचं," एवढं बोलून ते उठून आत गेले. आम्ही त्यांना रमवायला नेलं होतं आणि उलट त्यांच्या संशयावर शिक्का मारून बसलो होतो.

बुधवारी दुपारी मी पुन्हा वडगावात गेलो, तर मामा एकटेच बाण फिरवत होते, कधी एक डोळा मिटून, कधी दुसरा. मला राहवेना. मी दुकानदाराला फोन लावून विचारलं, मॉनिटर एकशेचव्वेचाळीसचाच दिलाय ना? तो म्हणाला, "हौदु सर, पण सेटिंगमध्ये किती आहे ते बघितलं का?" मी अमृताला हाक मारली. तिने सेटिंग उघडलं आणि जीभ चावली. मॉनिटर एकशेचव्वेचाळीसचा होता खरा, पण कॉम्प्युटर त्याला रविवारपासून साठवरच चालवत होता. चार दिवस आम्ही ज्या फरकाचं कौतुक करत होतो, तो फरक तिथे नव्हताच! तिने आकडा बदलला. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा उजळला. मामांनी डावा डोळा मिटला आणि नुसत्या ऑपरेशनच्या डोळ्याने बघत बाण फिरवला. एकदा, दोनदा.

"आली," ते म्हणाले. "दाट वीण आली."

मग त्यांनी उपरण्याने तो डोळा पुसला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतंच, असं त्यांनी आम्ही न विचारताच सांगितलं, आणि सदलग्याला फोन लावला. "उद्या या, पर नुसतं च्या घ्यायला या. माग इकायचं न्हाईत." अमृताच्या पाठीवर एक धपाटा घालून ते मागाकडे गेले आणि चादरी ओढून काढल्या.

अमृताची टीम स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरली. आता तिला पडद्याला दोष देता येत नाही, म्हणून ती सराव करते. मामांच्या गल्लीत पूर्वीइतके माग राहिले नाहीत, आणि मामांनंतर हे दोन कोण चालवणार, हे कुणी बोलत नाही. पण मी गेलो की खडखड अर्ध्या गल्लीतूनच ऐकू येते आणि मला बरं वाटतं. मी मुद्दाम मागाशेजारी उभा राहतो आणि तुटलेला धागा मामांच्या आधी शोधायचा प्रयत्न करतो. दर वेळी माझी नजर पोचायच्या आत त्यांचा हात तिथे गेलेला असतो. मला अजून एकदाही जमलेलं नाही, आणि कधी जमू नये, असं मनापासून वाटतं.