मोटर चालू झाली आहे

आमच्या घरातला खिडकीचा पडदा आधी विहिरीवर कामाला होता. (पडदा नव्हे, त्याचा मेंदू.)

गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने आईचा उजवा हात गेला. तिचा पलंग खिडकीशी, खिडकी पूर्वेला. सकाळी ऊन थेट डोळ्यांत! सुरुवातीला ती "पडदा!" अशी हाक मारायची. माझी बायको मंजू आणि मी "आलो, आलो" म्हणत आपापली कामं उरकायचो. मग तिने हाक मारणंच सोडलं. एकदा ती डोळ्यांवर पदर ओढून बसलेली दिसली आणि मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, काही झालं तरी हिचा पडदा हिला एकटीला वर-खाली करता आला पाहिजे.

मी पेशाने कारकून, पण कुतूहल दांडगं! त्याच सुमारास निफाडला मामांनी द्राक्षबागेतल्या विहिरीवर जुन्याच्या जागी नवा मोबाइल स्टार्टर आणला. ही एक पेटी असते, तिच्यात सिमकार्ड. घरबसल्या तिला फोन लावला की विहिरीची मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. नवी पेटी मीच बसवली, तिचा नंबर मामांच्या मोबाइलमध्ये घालून दिला आणि जुनी पेटी सिमसकट नाशिकला आणली. भंगारातून मोटारीच्या काचा वर-खाली करणारी मोटर मिळवली. ती वर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्याला जोडली आणि पेटीचा नंबर आईच्या फोनच्या एका बटणावर टाकला.

आईने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. पडदा सुर्रकन वर! फोनमधून एक बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "मोटर चालू झाली आहे."

"ही कोण?" आईने विचारलं.

"पेटीतली बाई."

"बरी आहे. लगेच ओ देते."

(टोमणा मला होता, हे मला फार उशिरा कळलं.)

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मंजू आईला साडी नेसवत असताना पडदा आपोआप वर गेला! समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू आधी दचकल्या, मग त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

"चुकून दाबलं गेलं असेल, आई," मी म्हणालो.

"फोन तिकडे टेबलावर होता! दाबू कशाने?"

मंगळवारी साडेनऊला पडदा वर, दुपारी अडीचला खाली. बुधवारी तेच. मला तर चैन पडेना! उन्हाने होत असेल? शेजारच्या मिक्सरने? मी शेजाऱ्यांना विनाकारण मिक्सर फिरवायला लावला. स्वतः लिफ्टमधून चारदा वर-खाली केलं. पडदा ढिम्म. शेवटी मी आईचा फोनच काढून घेतला.

"हात गेलाय माझा, डोकं नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

गुरुवारी साडेनऊला मी तिच्या खोलीत उभा. तिचा फोन माझ्या खिशात. पडदा सुर्रकन वर! आईने डाव्या हाताने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मामा!

"भाचेबुवा, काय पेटी बसवली रे! चार दिस झाले, बाई म्हणती मोटर चालू झाली, अन् पाण्याचा थेंब नाय! फिटर आणला, मोटर विहिरीतून वर काढली, पार खोलली. मोटर ठणठणीत हाय!"

"मामा, फोन कोणत्या नावावर लावता?"

"'मोटर'वर. नेहमीसारखा."

"अहो, मी 'नवीन मोटर' नावाने नंबर घालून दिला होता ना!"

"पाह्यला की. पण नवीन मोटर आपण घेतली कव्हा? पेटी नवी, मोटर जुनीच हाय!"

म्हणजे फोन जुन्याच पेटीला जात होता! निफाडला शेतीची वीज आली की मामा नाशिकचा पडदा उघडत होते, आणि वीज जाण्याआधी आठवणीने लावून घेत होते. मी फोन आईच्या हातात परत दिला. "चुकलो," म्हणालो, आणि खरंच वाटलं म्हणून म्हणालो.

आता पडद्याची पेटी एकट्या आईच्या फोनचं ऐकते. मामांचा नंबर आईने पेटीतून काढायला लावला, माझाही. उलट विहिरीच्या पेटीचा नंबर तिने स्वतःच्या दुसऱ्या बटणावर घालून घेतला. वीज आली की मामा तिला कळवतात आणि ती पलंगावरून द्राक्षांना पाणी सोडते.

परवा तिच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. अंधार होता.

"आई, पडदा जरा वर करतेस?"

"थांब," ती फोन कानाला लावत म्हणाली. "आधी निफाडचं बघू दे."

थांबलो. आमच्या घरात सध्या द्राक्षांचा नंबर माझ्या आधी लागतो!