वाढला म्हणायचं नाही

तुमचे आजोबा डावा पाय ओढत चालायचे, ते तुम्ही पाहिलं आहे. कशामुळे, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याहून माधवनगरला वन्संकडे, म्हणजे आजोबांच्या बहिणीकडे, बारशाला गेलो होतो. जेवून हात धुताना आजोबांनी डोकं धरलं आणि मोरीपाशीच बसले. डावा हात उचलेना, डाव्या पायातही जोर नव्हता. तसंच सांगलीला नेऊन डोक्याचा स्कॅन काढला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मेंदूत एक पांढरा डाग दिसत होता. ते साकळलेलं रक्त. डाग लहानच होता, पण त्याची कड वेडीवाकडी होती.

"अशी कड असली की डाग वाढायची भीती असते," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा स्कॅन करू. तोवर यांना हलवू नका."

"वाढायची म्हणू नका हो," वन्सं म्हणाल्या.

तुम्हाला हे परकं वाटेल. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढचा दिवाही विझत नाही, वाढतो. अशुभ टाळायला घेतलेला हा शब्द वन्संच्या तोंडी इतका बसला होता की त्यांना त्यात फक्त शेवट ऐकू येई. डॉक्टर हसले नाहीत. पसरतोय का ते बघू, म्हणाले.

निरोप मिळताच मेढ्याहून निघालेले धाकटे दीर संध्याकाळी जीप घेऊन आले. फौजेत राहून आलेला माणूस, वाट बघत बसणं त्यांना जमत नसे. आजोबांनी खाटेवरूनच त्यांना विचारलं, जीप या वर्षी धुतलीस का. दिरांनी मला बाजूला घेतलं.

"आवं वहिनी, दादा चेष्टा कराय लागलाय. हितं कशाला ठेवायचं? साताऱ्याला नेऊ."

मलाही तेच हवं होतं. मी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, जणू त्या भाषेत उत्तर वेगळं मिळेल. मिळालं नाही. खात्रीनं सांगता येत नाही, पण या डागाचं लक्षण मला बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. समोर चेष्टा करणारा माणूस आणि पेटीवरची ती वाकडी कड, यांतलं कोणाचं खरं मानायचं? मी दिरांना जीप बाजूला लावायला सांगितलं. ते रागानं बाहेर गेले.

रात्री पाणी मागताना आजोबांची जीभ अडखळली. मग ओकारी झाली, आणि थोड्या वेळानं हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. सकाळची वाट न बघता दुसरा स्कॅन झाला. डॉक्टर बाहेर आले ते वन्संकडे बघत, शब्द शोधत.

"वाढला ना?" वन्संच म्हणाल्या. "म्हणा तसं. आणि पुढं काय ते सांगा."

लगेच ऑपरेशनला नेलं. जीप निघाली असती तर त्या वेळी आम्ही कुठंतरी रस्त्यात असतो. दिरांनी किल्ली माझ्या पिशवीत टाकली आणि बाकावर बसले. शेजारी वन्संनी दोन्ही हातांतल्या बांगड्या पदरात गुंडाळून घट्ट धरल्या होत्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. दार उघडून डॉक्टर बाहेर येईपर्यंत मीही माझ्या तशाच धरून बसले.