डॅशिंग योगेशचा साधा फ्लेक्स

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण कप खाली ठेवून हसा. गेल्या खेपेला हे सांगितलं तेव्हा आमच्या वन्संनी सोफ्यावर चहा सांडला आणि कव्हर मला धुवावं लागलं.

मी इंग्रजीची बाई. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका मराठी शाळेत सगळी नोकरी केली. निवृत्त झाले, पण एक खोड काही गेली नाही. कुणी इंग्रजी शब्द वापरला की त्याचं मूळ, कूळ, बालपण सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात, हिला गुड मॉर्निंग म्हणू नका, ऐकता ऐकता दुपार होईल.

तर योगेश हा माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत कच्चा, स्वभावाने सोनं. त्याचे पाण्याचे टँकर आहेत. त्याच्या वाढदिवसाला मित्र दरवर्षी नाक्यावर फ्लेक्स लावतात. तुम्ही पाहिलाय असला फ्लेक्स, नाही कसा? मागे सिंह, पुढे योगेश, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल आणि डोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘डॅशिंग’. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, द्राक्षांच्या घडासारखे.

या डॅशिंगनेच त्याचा घात केला. लग्नाचं वय उलटत चाललं होतं, आणि नशिबाने बदलापूरचं एक छान स्थळ आलं. मुलगी बँकेत, घरचे शेतीवाडीवाले, सरळ माणसं. त्यांनी फोटो मागितला. याच्या मित्राने काय करावं? फ्लेक्समधूनच फोटो कापून पाठवला, आणि कापताना डोक्यावरचा शब्द तसाच राहिला. मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला की मुलगा डॅशिंग असेल तर राहू द्या, साधा असेल तर येत्या रविवारी बघायला येतो. आणि तो रविवार नेमका याच्या वाढदिवसाचा.

योगेश माझ्याकडे आला तो रडवेला होऊन.

“बाई, फ्लेक्स लावलाच नाही तर लोक बोलतील पोरं फुटली याची. आणि लावला तर पाहुणे त्याच नाक्यावरून येणार. तुम्ही काहीतरी सोबर लिहून द्या ना. हे स्थळ गेलं ना, तर आई माझ्याशी बोलायची बंद होईल.”

एवढं ऐकून कुणीही शहाणी बाई कागद-पेन घेऊन बसली असती. मी आधी शब्दाचं मूळ काढलं. त्याला सांगितलं, अरे, हा ‘डॅश’ म्हणजे मुळात धाडकन आपटणं. लाट खडकावर आपटते, काचेचं भांडं भिंतीवर फुटतं, ते हे. मग त्याला वेग चिकटला. घोडा भरधाव फेकणारा, शत्रूवर तुटून पडणारा स्वार, तो डॅशिंग. लढाया संपल्या, स्वार उरले. ते चकचकीत बुटांत नाचगाण्यांना जायला लागले आणि मुलींच्या बापांची झोप उडाली. मग नुसता दिमाखात वावरणारा तो डॅशिंग झाला. अरे, त्या काळी नटूनथटून मिरवणाऱ्या बायकांनाही डॅशिंग म्हणत. आणि शेवटी हा शब्द आला आपल्या नाक्यावर, नगरसेवकापासून वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर बसायला. म्हणून म्हणते, मुलीचे वडील चुकले नाहीत.

योगेश तोंड उघडं टाकून ऐकत होता. “म्हणजे बाई, घोडा पाहिजे,” एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, नेहमीसारखं डोक्यावरून गेलं.

मग मी कामाला लागले. सिंह काढला, गॉगल काढला, सोनेरी रंग काढला. शुभेच्छुकांची सगळी डोकी काढली. योगेशचा एक जुना फोटो निवडला, कॉलर बंद केलेला, समोर बघणारा. तो कृष्णधवल करायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. खाली पूर्ण नाव. त्याखाली ओळ, तीही शुद्ध मराठीत: ‘मनमिळाऊ, निगर्वी आणि सदैव हसतमुख’. शेवटी ‘मित्रपरिवार’. शुभेच्छा वगैरे मुद्दामच लिहिल्या नाहीत. जन्मतारीख घातली की ज्याला कळायचं त्याला कळतं, असा माझा विचार.

तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. मी स्वतःच्या अभिरुचीवर खूश होते.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये घनूभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी गेले तेव्हा तिथे ही गर्दी. कुणाचं बारसं, कुणाची दहीहंडी, मोठ्याने गाणी चाललेली. मी माझा कागद आणि फोटो पुढे केला. घनूभाईंनी वाचला आणि हात लांब करून गाणी बंद केली. मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

“बैठो बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “ये काम पहले होगा. बाकी सब बाद में.”

मला भरून आलं. शिक्षकाला अजून एवढा मान आहे, असं वाटलं. त्यांनी विचारलं, कोपऱ्यात दिवा टाकू का? वा, म्हटलं, ज्ञानाचा प्रकाश, टाका. जन्मतारखेपुढे आजची तारीख? म्हटलं, आजची नको, रविवारची टाका, नाहीतर कार्यक्रम कधी ते कसं कळणार? त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. दोन तारखांच्या मध्ये एक छोटी आडवी रेघ मारली. बघा, एवढा डॅशिंग हाकलला आणि डॅश तेवढा राहिला.

आमची माणसं पहाटे बांधून जातील, तुम्ही त्रास घेऊ नका, असं म्हणून त्यांनी मला रिक्षापर्यंत सोडलं.

रविवारी सकाळी न्याहारी आटपून मी नाक्यावर गेले. काय सांगू, नाका भरला होता. शेअर रिक्षावाल्यांनी रिक्षा बाजूला लावून ठेवलेल्या, सगळे फ्लेक्ससमोर शांत उभे. फुलवाल्या मावशींनी आपल्या टोपलीतला झेंडूचा हार फोटोला घातलेला. मी मनात म्हटलं, साधेपणाची ताकद असते ती ही.

आणि लोक बोलत होते किती छान. एक रिक्षावाला सांगत होता, माझ्या बायकोचे दिवस भरले तेव्हा यानेच गाडी काढली. कुणी म्हणालं, उन्हाळ्यात आमच्या चाळीत टँकर फुकट आणायचा आणि नाव सांगू द्यायचा नाही. मी माना डोलावत होते. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, बाई, तुम्हाला कधी कळलं? म्हटलं, अहो, तो स्वतः घरी येऊन सांगून गेला. ते गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. त्यातून टोपी घातलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि एक तरुण मुलगी उतरली. गृहस्थांच्या हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी फ्लेक्स वाचला, पुडा पाठीमागे नेला आणि टोपी काढली. बराच वेळ तिघं लोकांचं बोलणं ऐकत उभी राहिली. पुडा बघून मी ओळखलं, हेच बदलापूरचे. लगबगीने पुढे गेले.

“या, या, तुमचीच वाट बघत होतो. योगेश घरीच आहे.”

“अजून घरीच आहे?” त्यांनी टोपी छातीशी धरून विचारलं.

“तुमच्यासाठीच थांबवलाय. नाहीतर हा सकाळीच निघणार होता. चला, तुम्ही बघून घेतलंत की आम्ही मोकळे.”

त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. मला वाटलं, आईचं काळीज, मुलगी सासरी जाणार म्हणून गलबललं.

आता पुढचं ऐका. गल्लीतून योगेशची आई तरातरा आली, पिठाचे हात तसेच. फ्लेक्सकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला लिहायला-वाचायला येत नाही, पण दिवा आणि हार वाचता येतो.

“मास्तरीणबाई, माजा पोर घरान बसून शिरा खातंय, नि नाक्यावं त्याला हार घातलाय. ह्या काय केलाव तुमी?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी फ्लेक्सकडे वळून पाहिलं. मनमिळाऊ, निगर्वी, सदैव हसतमुख. अहो, आपल्याकडे हे शब्द माणसाला जिवंतपणी कुणी लावतं का? आयुष्यभर त्याला डॅशिंग म्हणायचं, आणि गेला की मग मनमिळाऊ. शब्दांच्या वंशवेली तोंडपाठ असलेल्या बाईला आपल्याच नाक्याची ही रीत कळू नये! जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं.

आणि मागून योगेश आला. स्कूटरवर, नवा कुर्ता, डोळ्यांवर गॉगल. रिक्षावाल्यांतला एक मटकन खाली बसला. फुलवाल्या मावशींनी फोटोचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला दोन शिव्या दिल्या. योगेशने फ्लेक्स वाचला, पाहुण्यांना पाहिलं आणि तो स्कूटर लावायचंही विसरला. त्याचा चेहरा बघवेना. लग्न मोडलं, ते मी मोडलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी हात जोडून मुलीच्या वडिलांपुढे उभी राहिले. म्हटलं, चूक माझी आहे, शिक्षा पोराला देऊ नका.

त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

“बाई, मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, ते मला पण समजतं,” ते म्हणाले. “पण रविवारचा धंदा बुडवून रिक्षा कोण बंद ठेवतं? मी गावात चौकशीला माणूस पाठवणार होतो. आता नाही पाठवत.”

मुलगी अजून योगेशकडे बघत होती. “गॉगल काढा जरा,” ती म्हणाली. त्याने काढला. “हां. फोटोपेक्षा बरे आहात.”

पेढ्यांचा पुडा तिथेच, दिव्याच्या चित्राखाली फुटला. पहिला पेढा त्याच्या आईने माझ्या हातावर ठेवला, पण बोलली नाही. आता बोलते.

लग्न थाटात झालं. लग्नाचा फ्लेक्स मला दाखवायचा नाही, असं दोन्हीकडच्या मंडळींनी एकमताने ठरवलं होतं म्हणे.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. दूध आणायला नाक्यावर गेले आणि पिशवी हातातून पडायची राहिली. भला थोरला फ्लेक्स. पांढरा घोडा पुढचे दोन पाय उचलून उभा. त्यावर मी, निरोप समारंभातल्या पैठणीत, डोळ्यांवर गॉगल, मागे आगीच्या ठिणग्या. डोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘डॅशिंग बाई’. खाली शुभेच्छुक म्हणून योगेश आणि सूनबाई. सगळ्या वर्गात त्या एकट्यानेच माझा धडा नीट ऐकला होता.

तणतणत घरी आले. हे म्हणाले, काढायला सांगू का त्याला? म्हटलं, तुम्ही थांबा, मीच बोलते. फोन लावला.

“योगेश,” मी म्हटलं, “अरे, संध्याकाळनंतर नाक्यावर अंधार असतो. घोडा दिसतो, मी नीट दिसत नाही. एखादा फोकस लावता येईल का?”